तूट पिकात की मापात? अणुभट्टीतल्या प्रतिन्यूट्रिनोंच्या भाकिताची एक तपासणी

(घोडेगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांपैकी एकच प्रश्न शेवटी घेतला आहे.)

विषयाचं नाव ऐकून जे आले आहेत त्यांचे आभार, आणि विषय न विचारता आले आहेत त्यांचे जास्त आभार. (हशा)

आधी एक कबुली देतो. २०१२ साली ह्याच तालुक्यात एका शाळेत मी मुलांपुढे बोललो होतो. तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, की न्यूट्रिनोचे तीन प्रकार आपल्याला माहीत आहेत, पण चौथ्या प्रकाराची चाहूल लागली आहे. अणुभट्ट्यांतून जितके कण यायला पाहिजेत तितके येत नाहीत, सहा टक्के कमी पडतात, ते सहा टक्के चौथ्या प्रकारात जात असावेत, असं सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आजचं व्याख्यान हे त्या व्याख्यानावरची टीका आहे असं समजा. ती मुलं आता पंचविशीत असतील. एखादा इथे बसला असेल तर त्याने मला थांबवून प्रश्न विचारावा.

आता मूळ हिशेबाकडे. युरेनियमचा अणू फुटला की दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांत न्यूट्रॉन गरजेपेक्षा जास्त असतात. मग ते तुकडे एकेका न्यूट्रॉनचा प्रोटॉन करत करत स्थिर होतात. ह्याला बीटा ऱ्हास म्हणतात. दर वेळी एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर एक प्रतिन्यूट्रिनो. एका तुकड्याला सरासरी तीन पायऱ्या उतराव्या लागतात, तुकडे दोन, म्हणून एका विखंडनामागे साधारण सहा प्रतिन्यूट्रिनो. एका विखंडनातून मिळणारी ऊर्जा सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे १,००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीत दर सेकंदाला ३ वर १९ शून्यं इतकी विखंडनं होतात, आणि सहाने गुणलं की २ वर २० शून्यं इतके प्रतिन्यूट्रिनो. ते सगळ्या दिशांना जातात. काँक्रीट, सह्याद्री, आपण, कोणीही त्यांना अडवत नाही.

हे घोडेगावला लावून बघू. तारापूर इथून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. तिथे चार भट्ट्या आहेत. दोन जुन्या, १९६९ सालच्या, आणि दोन ५४० मेगावॉटच्या, ज्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. चारही चालू असल्या तर वीज १,४०० मेगावॉट, पण आपल्याला उष्णता धरायची आहे, ती सुमारे साडेचार हजार मेगावॉट. भागाकार केला की उत्तर येतं: तुमच्या अंगठ्याच्या नखातून, म्हणजे साधारण एका चौरस सेंटीमीटरमधून, दर सेकंदाला तीन लाखांच्या आसपास. तुर्भ्याची ध्रुव भट्टी त्याहून जवळ आहे, पण ती १०० मेगावॉटची. तिचे सतराएक हजार. माझं बोलणं तासभर चाललं तर एकेका नखातून शंभर कोटींवर निघून गेलेले असतील. घाबरू नका. आपल्या पायाखालच्या खडकातल्या युरेनियम-थोरियममुळे येणारे ह्याच्या कितीतरी पट आहेत, आणि सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो सहा हजार कोटींच्या घरात. तारापूर त्यात कुठेच नाही.

हा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर केला. जगभरचे असे नकाशेही लोकांनी तयार केले आहेत, पृथ्वीवरच्या कोणत्या ठिकाणी किती प्रतिन्यूट्रिनो हे रंगाने दाखवणारे. दिसायला फार सुंदर. पण त्यांचा आधार कोणता? भट्ट्यांच्या उत्पादनासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ‘प्रिस’ नावाची यादी. ती वीज बनवणाऱ्या भट्ट्यांची यादी आहे. ध्रुव वीज बनवत नाही, संशोधनाची भट्टी आहे, म्हणून त्या यादीत ती नाही. आपल्या नखातून जाणारे तुर्भ्याचे सतरा हजार अशा नकाशाच्या लेखी नसतात. जगाच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे, मान्य. पण नकाशा हा मोजलेला नसून मांडलेला आहे, एवढं ह्यावरून कळतं.

आता ह्या सगळ्या मांडणीत घट्ट काय आणि सैल काय? अंतर घट्ट आहे. उष्णता भट्टीवाले एखाद्या टक्क्यापर्यंत मोजतात. सैल आहे तो ‘सहा’. आणि नुसता सहा नव्हे. कोणत्या ऊर्जेचे किती. कारण आपल्याला प्रतिन्यूट्रिनो पकडायचा असेल तर तो प्रोटॉनवर आदळून पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन तयार व्हावे लागतात, आणि त्याला किमान १.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सहापैकी जेमतेम दीड-दोनच तेवढे जोरकस असतात. रेन्स आणि काउअन ह्यांनी १९५६ साली अमेरिकेत सवाना नदीकाठच्या भट्टीजवळ ह्याच रीतीने तो पहिल्यांदा पकडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपली अप्सरा सुरू झाली, हा योगायोग मला आवडतो.

ऊर्जापट काढायच्या दोन रीती आहेत. पहिली बेरजेची. विखंडनातून शेकडो प्रकारचे तुकडे निघतात, प्रत्येकाच्या ऱ्हासाच्या अनेक वाटा, अशा हजारो वाटांची माहिती घेऊन बेरीज करायची. अडचण अशी की माहिती अपुरी आहे, आणि जी आहे ती एका बाजूला कललेली. मोजणीत बारीक गॅमा किरण निसटले की इलेक्ट्रॉनला खरोखर मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली असं वाटतं. १९७७ पासून ही खोड ‘पँडेमोनियम’ नावाने ओळखली जाते.

दुसरी रीत रूपांतराची. ग्रेनोबलच्या लाउए-लांजव्हँ संस्थेच्या भट्टीत १९८०च्या दशकात श्रेकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियम-२३५, प्लुटोनियम-२३९ आणि २४१ ह्यांचे पातळ पत्रे न्यूट्रॉनांत ठेवून बाहेर पडणाऱ्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचा एकत्रित पट मोजला. इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो ऊर्जा वाटून घेतात, म्हणून इलेक्ट्रॉनांवरून प्रतिन्यूट्रिनो काढता येतात. पण कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आला हे माहीत नसतं, म्हणून तीसेक काल्पनिक वाटा धरून जुळवाजुळव करायची. काम अतिशय नेटकं होतं. पुढची तीस वर्षं सगळं जग त्या मापावर चाललं.

आता २०११ साल. फ्रान्समधल्या म्यूलर आणि सहकाऱ्यांनी हे रूपांतर नव्याने केलं, त्याच वर्षी पॅट्रिक ह्यूबर ह्यांनी स्वतंत्रपणे केलं. दोघांच्या हिशेबात प्रतिन्यूट्रिनोंची अपेक्षित संख्या सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. त्यात न्यूट्रॉनच्या आयुष्याची सुधारलेली किंमत आणि इतर बारीक दुरुस्त्या मिळवल्या. मग मेंसियाँ आणि सहकाऱ्यांनी जुन्या सगळ्या प्रयोगांची मोजमापं ह्या नव्या अपेक्षेशी ताडून पाहिली. आधी मोजलेलं भागिले अपेक्षित ह्याचं सरासरी उत्तर ०.९७६ येत होतं. नव्या अपेक्षेने ते ०.९४३ झालं. ह्याला ‘रिॲक्टर प्रतिन्यूट्रिनो विसंगती’ असं नाव पडलं, आणि चौथ्या, ‘निष्क्रिय’ न्यूट्रिनोची चर्चा जगभर पेटली.

इथे बसलेल्यांना मी हे सोप्या भाषेत सांगू शकतो, कारण तुम्हाला पैसेवारी माहीत आहे. (हशा) हसू नका, अगदी तोच हिशेब आहे. गावातले ठरलेल्या मापाचे तुकडे निवडायचे, पीक कापून मोजायचं, आणि त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी भागाकार करायचा. आलेला आकडा म्हणजे पैसेवारी. पन्नासच्या खाली आली तर दुष्काळसदृश, वर राहिली तर काही नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ह्यावर तहसील कचेरीत वाद घातला असेल, त्यांना पक्कं माहीत आहे की भांडण नेहमी वरच्या आकड्यावर होत नाही. खालच्या आकड्यावर होतं. प्रमाण उत्पन्न कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कशावरून ठरवलं?

तर प्रतिन्यूट्रिनोंची पैसेवारी ९७.६ पैसे होती तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. २०११ साली ती ९४.३ पैसे झाली. शेतात काहीही बदललं नव्हतं. एकही नवा दाणा मोजला गेला नव्हता. प्रमाण उत्पन्न तेवढं वाढवलं गेलं. आणि निष्कर्ष काय निघाला? शेतात चोर आहे. मी तो चोर शाळेत जाऊन मुलांना दाखवून आलो.

माझा त्या शास्त्रज्ञांवर आरोप नाही. त्यांनी छेदाची किंमत आणि तिची अनिश्चितता दोन्ही छापली होती, आणि चौथा न्यूट्रिनो ही एक शक्यता म्हणूनच मांडली होती. दोष त्या अनिश्चिततेवर आपण ठेवलेल्या विश्वासात आहे. दोन-अडीच टक्के असं लिहिलं होतं. तो आकडा आला कुठून? जे ठाऊक होतं त्याच्या चुका त्यात धरल्या होत्या. पण जवळजवळ तीस टक्के ऱ्हास असे आहेत की ज्यांना पुस्तकात ‘निषिद्ध’ म्हणतात. ते होतात, पण त्यांच्या पटाचा आकार साध्या सूत्राने मिळत नाही. २०१४ साली लॉस अलामॉसच्या ॲना हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे ऱ्हास नीट धरले तर अनिश्चितता चार टक्क्यांच्या वर जाते. मग सहा टक्क्यांची तूट तितकी ठसठशीत राहत नाही. हा लेख २०१२ साली नव्हता, हे खरं. पण निषिद्ध ऱ्हास तेव्हाही होते, आणि मी ते पुस्तकात वाचलेले होते. विचारायला हवं होतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. चीनच्या दया बे, कोरियाच्या रेनो आणि फ्रान्सच्या डबल शूझ ह्या तिन्ही प्रयोगांत ५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास अपेक्षेपेक्षा जास्त, जवळपास दहा टक्के जास्त, प्रतिन्यूट्रिनो सापडले. एकूण कमी, पण एका ठिकाणी जास्त! चोर असता तर त्याने त्या एका वाफ्यात दाणे आणून टाकले असते का? जवळच्या आणि लांबच्या दोन्ही यंत्रांत तो उंचवटा सारखाच होता. म्हणजे तो वाटेत झालेला बदल नाही, उगमाबद्दलचं आपलं गणितच तिथे चुकतं आहे. माझ्या मते ह्या क्षणी त्या भाकिताचं वजन उतरायला हवं होतं. एका जागी आकार दहा टक्क्यांनी चुकणाऱ्या भाकितावरून बेरजेतल्या सहा टक्क्यांचा एवढा मोठा अर्थ काढायचा?

पुढची कथा वेगाने सांगतो. २०१७ साली दया बेच्या गटाने भट्टीतलं इंधन जसं बदलत जातं तशी मोजणी कशी बदलते हे पाहिलं. युरेनियम कमी होतं, प्लुटोनियम वाढतं. वाटेतच कण नाहीसे होत असतील तर दोघांची तूट सारखी दिसायला हवी. दिसली ती अशी: युरेनियम-२३५ची तूट जवळपास आठ टक्के, प्लुटोनियम-२३९ची जवळपास नाहीच. हे म्हणजे गावातला चोर फक्त बाजरी नेतो आणि ज्वारीला हात लावत नाही असं झालं. त्यापेक्षा बाजरीचं प्रमाण उत्पन्न चुकीचं लिहिलं गेलं आहे हे मानणं सोपं. २०२१ साली मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत युरेनियम आणि प्लुटोनियमच्या इलेक्ट्रॉन-पटांचं गुणोत्तर नव्याने मोजलं गेलं. ते ग्रेनोबलच्या जुन्या गुणोत्तरापेक्षा पाचएक टक्क्यांनी कमी आलं. पँडेमोनियमची खोड काढून केलेली बेरजेची रीतही २०१९ पर्यंत दया बेच्या मोजणीपासून सुमारे दोन टक्क्यांवर आली होती. आणि २०२३ साली ‘स्टेरिओ’ ह्या प्रयोगाने, अंतर बदलत मोजणी करून, ह्या तुटीचं स्पष्टीकरण म्हणून चौथा न्यूट्रिनो नाकारला. स्टेरिओ कुठे होता? ग्रेनोबलच्या त्याच भट्टीपासून दहा मीटरवर. जिथे माप बनवलं, तिथेच ते तपासलं गेलं.

ह्याचा अर्थ सगळं मिटलं असा नाही. ५च्या आसपासचा उंचवटा कशामुळे आहे ते अजून नक्की नाही, गॅलियमवर केलेल्या प्रयोगांतली वेगळी तूट तशीच उभी आहे. मी आज उलट्या बाजूची टाळी घेऊन जाणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुवच्या शेजारी ‘इस्मरान’ नावाचं यंत्र मांडायचं काम झालं आहे. एक मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर जाड असे चमकणाऱ्या प्लास्टिकचे ९० दांडे, प्रत्येकाभोवती गॅडोलिनियम लावलेला पातळ कागद, बाहेर शिसं आणि बोरॉन मिसळलेलं पॉलिथिन. वजन टनभर, भट्टीच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटर. आधी १६ दांड्यांचा छोटा नमुना लावून भट्टीच्या सभागृहातला गोंगाट तपासला गेला. ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांत क्वचितच येते, आणि आली तर ‘भूतकण’ ह्या मथळ्याखाली. भूत म्हटलं की मोजायची जबाबदारी संपते, म्हणून मला तो शब्द नको वाटतो.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली आपल्या लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो पकडले तेव्हा वर दोन किलोमीटरहून जास्त खडक होता. इथे तसं छप्पर नाही. यंत्र जमिनीवर, भट्टीशेजारी, गॅमा आणि न्यूट्रॉनांच्या गर्दीत. माझ्या हिशेबाने १०० मेगावॉटला त्या टनभर प्लास्टिकमध्ये दिवसाला साडेतीनशे ते चारशे टकरी व्हाव्यात. त्यातल्या सहात एक ओळखता आली तर साठ.

साठवर काय करता येतं? गोंगाट शून्य धरू, तसा तो नसतोच. भट्टी चालू आहे की बंद, हे एका दिवसात कळेल. उष्णता दहा टक्क्यांनी घटली हे पक्कं सांगायला पंधरा दिवस लागतील. शंभर दिवसांत सहा हजार नोंदी, म्हणजे मोजणीची चूक सव्वा टक्का. तिथून पुढे यंत्र कितीही चांगलं असलं तरी अडतं भाकितावर, कारण भाकिताची चूक त्याहून मोठी आहे.

ह्या प्रयोगाकडून दोन अपेक्षा लिहिल्या गेल्या आहेत: चौथ्या न्यूट्रिनोचा शोध आणि भट्टीवर दुरून नजर. पहिलीचा जोर आता ओसरला आहे, असं माझं मत. दुसरीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. कल्पना अशी, की प्लुटोनियमच्या एका विखंडनामागे पकडता येण्याजोगे प्रतिन्यूट्रिनो युरेनियमच्या मानाने दोन-तृतीयांशच असतात. म्हणून मोजणीवरून आत किती प्लुटोनियम जमलं ते बाहेरून कळेल, निरीक्षकाला आत जावं लागणार नाही. परदेशी दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांत हे जमतं, कारण तिथे वर्ष-दीड वर्ष इंधन बंद असतं आणि मोजणी हळूहळू उतरताना दिसते. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या. नैसर्गिक युरेनियम, चालू भट्टीतच रोज थोडं इंधन बदलणं. आतलं मिश्रण जवळपास स्थिर. उतरणच नाही, तर मोजणार काय?

आणि भाकितात उष्णतेचा आकडा कोण देतं? भट्टीवालाच. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच वहीतून प्रमाण उत्पन्न घ्यायचं, ह्यावर तुम्ही तहसिलात काय म्हणाल ते मला माहीत आहे. (हशा) उष्णता थोडी जास्त आणि प्लुटोनियम थोडं जास्त, ह्या दोन गोष्टी एकमेकींना झाकू शकतात. ऊर्जापटाच्या आकारावरून त्या वेगळ्या काढता येतील, पण आकारातच तो उंचवटा बसला आहे. ध्रुव आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाही, हे जाहीर आहे. त्यामुळे तिथला प्रयोग हा पहाऱ्याचा प्रयोग नाही, तंत्राचा आहे. तसाच तो सांगावा.

तरीही मला तो हवा आहे, वेगळ्या कारणासाठी. ग्रेनोबलच्या भट्टीत जवळजवळ शुद्ध युरेनियम-२३५. दया बेला समृद्ध युरेनियमचं इंधन. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीजवळची नेटकी मोजणी जगाकडे फार थोडी आहे. दुसऱ्यांच्या भाकिताशी ताडून आपली पैसेवारी काढण्याऐवजी ध्रुवचं स्वतःचं माप प्रसिद्ध झालं, चुकांच्या पूर्ण हिशेबासह, तर ते छेदात जाईल. इतरांनी मग त्यावर भांडावं.

प्रश्न (मागच्या रांगेतून): सर, तारापूरचं इथे घोडेगावात बसून मोजता येईल का?

उत्तर: जपानच्या कामलँड प्रयोगाने हेच केलं. त्यांच्या भट्ट्या सरासरी १८० किलोमीटरवर होत्या, आपलं १५० आहे, म्हणजे अंतर वाईट नाही. एवढ्या अंतरात जवळपास निम्मे प्रतिन्यूट्रिनो प्रकार बदलतात, ते आपल्या यंत्राला दिसणार नाहीत. उरलेल्यांतून एक टन पाण्यात टक्कर होईल सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा. कामलँडने हजार टन द्रव घेतला होता, तेवढा घेतलात तर वर्षाला चाळीसेक. आणि वर डोंगराएवढा खडक हवा. आता तुम्ही विचाराल त्याच्या आत सांगतो: डिंभे धरण भरलं की साडेतेरा टीएमसी, म्हणजे अडतीस कोटी टन पाणी. तारापूर पूर्ण चालू असेल तर त्या पाण्यात रोज पस्तीस ते चाळीस हजार टकरी होत असणार. ह्या आकड्यातही तो ‘सहा’ आहेच, तेव्हा चार-पाच टक्के इकडेतिकडे धरा.